शीट नंबर चार

एका दुपारी अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. उघडली तर माझंच अक्षर. खाली उजव्या कोपऱ्यात माझं माहेरचं नाव, रोल नंबर, 'मेझर्ड ड्रॉइंग, सेमिस्टर चार', 'स्केल १:५०' आणि 'शीट नं. ४'. खाली गुजरातीत मेसेज : 'बेन, आ शीट तमारी ज छे ने? बीजे माळे आ डॉटेड लाइन शेनी छे, माळियुं के बीम?' पाठवणारा सर्व्हेअर होता. बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतला आमचा वाडा ज्या बिल्डरला द्यायचं घाटतंय, त्याच्याकडून मोजणीला आलेला. मी लिहिलं, बीम नाही, माळा आहे, त्याची कड ती. त्याचा अंगठा आला. मग थोड्या वेळानं आणखी एक ओळ. लेझरनं सगळं नव्यानं मोजून पाहिलं म्हणे, माझ्या मापांत दोन-तीन सुतांच्या वर फरक कुठेच निघाला नाही. 'बहु चोक्खुं काम छे.'

ते वाक्य मी त्या दिवशी नवऱ्याला वाचून दाखवलं, मुलीला दाखवलं, फोनवर आईलाही ऐकवलं. रात्री ओटा पुसताना हात थांबला. वाडा पाडायला निघालेल्या माणसानं माझी पाठ थोपटली होती आणि मला ते आवडलं होतं. अजूनही आवडतंच, खोटं कशाला बोलू.

शीट त्याच्यापर्यंत पोचली ती नदीमुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री काळ्या घोड्याच्या पुलाशी ३५ फुटांच्या वर चढली, तेव्हा आमच्या सोसायटीत तळमजल्याला कमरेएवढं पाणी होतं. बडोदेकरांना मगरींचं कौतुक नाही. छपरावर जाऊन बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरत होता तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या सोफ्यावर दाटीवाटीनं बसून ते छप्पर नक्की कुठल्या एरियातलं, यावर वाद घालत होतो. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना पलंगाखालून माझा आर्किटेक्चर कॉलेजातला काळा शीट-कंटेनर निघाला. झाकणाला कधीकाळी गुंडाळलेल्या चिकटपट्टीनं आतलं बरंच वाचवलं होतं. कडा फुगलेल्या, एका कोपऱ्याला मातीची रेघ, पण शाई जिथल्या तिथे. खोलीभर दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून शीट वाळत घातल्या. मुलगी म्हणाली, "हे सगळं तू हातानं काढलंस? का पण?" या 'का'ला काय उत्तर देणार? मग रावपुऱ्यातल्या एका प्लॉटरवाल्याकडून स्कॅन करून घेतल्या आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्या. पुण्याचे, इंदूरचे, न्यू जर्सीचे सगळे दोन दिवस रडक्या बाहुल्या टाकत होते. माझ्या चुलतभावानं, दादानं, काहीच टाकलं नाही. त्यानं फाइल डाउनलोड करून ठेवली.

आमचं ते सेमिस्टर भूकंपानं सुरू झालं होतं. २६ जानेवारी २००१, सकाळचे पावणेनऊ, शाळाशाळांत झेंडावंदन चाललेलं. मी वाड्यावरच होते. आधी ताटाळ्यातली ताटं वाजली, मग ओसरीतला झोपाळा कुणी न बसता हलायला लागला आणि मग सबंध वाडा करकरला, जिन्यापासून आढ्यापर्यंत. आजी देवघरातून ओरडली, "खांबाला धरा, भिंतीपाशी जाऊ नका!" हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. देवघराच्या कोनाड्यातला चुना घमेलंभर खाली आला, एवढंच नुकसान. त्याच दिवशी अहमदाबादेत चांगले नवे, बहुमजली फ्लॅट बसले. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर भिंतींनी भरलेले मजले, सगळा कमकुवत भाग तळाशी. ते फोटो पाहून आमच्या सरांनी त्या सत्राचा विषयच बदलला. म्हणाले, जुन्या शहरातली लाकडी सांगाड्याची घरं मोजा. खांब आणि तुळया वजन घेतात, विटा नुसत्या मधल्या जागा भरतात, सांधे खाचेत बसवलेले असतात म्हणून थोडं हलून पुन्हा जागेवर येतात. हे पुस्तकात वाचू नका, जाऊन पाहा. चौघाचौघांचे गट पडले. आमच्या गटात वाडा असलेली मी एकटी, त्यामुळे आमचं घर ठरलं.

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "भाकरी मोजून वाढू नये, तसं घरही मोजू नये." आणि मग तीच तीन शनिवार-रविवार टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली. नऊवारीचा ओचा खोचून, दुसऱ्या हातात जपमाळ.

घर मोजणं दिसतं सोपं. पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येक खिडकी वेगळी मोजली, प्रत्येक दोन खिडक्यांमधली भिंत वेगळी, संध्याकाळी बेरीज केली तर सबंध भिंतीपेक्षा तुकडेच जास्त भरले. दर वेळी टेप उचलून लावला की थोडी चूक पदरात पडते आणि चुका साठत जातात. म्हणून टेपचं शून्य एका कोपऱ्याला धरून ठेवायचं आणि टेप सरळ पुढे सोडून एकामागून एक आकडे वाचत जायचं, याला आम्ही रनिंग डायमेन्शन म्हणायचो. मग कर्ण घ्यायचे. माजघर चौरस आहे असं आम्ही सगळेच जन्मभर समजत होतो. कर्ण घेतले तर दोन कर्णांच्या लांबीत वीतभराचा फरक. ओळंबा आणायला विसरलो होतो तर आजीनं सुतळीला अडकित्ता बांधून दिला, तो गॅलरीतून खाली सोडला तेव्हा कळलं की गल्लीकडची भिंत वर जाता जाता चांगली बाहेर झुकली आहे. खालून ती अगदी सरळ दिसायची. सरांनी नंतर वहीतला तो आकडा पाहिला आणि खाली लाल पेननं फक्त 'शाब्बास' लिहिलं. मला वाटतं ते अडकित्त्याला असावं.

मग काढणं. आधी बटर पेपरवर पेन्सिल, मग गेटवे या जाड ट्रेसिंग पेपरवर इंक. जिथे भिंत कापली जाते तिथे जाड पेन, पलीकडे दिसतं ते बारीक पेननं, डोक्यावरचं तुटक रेषेत. शाईचा थेंब पडला की श्वास रोखायचा, वाळू द्यायचा, ब्लेडच्या कोपऱ्यानं हलकेच खरवडायचा आणि नखानं घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा, नाहीतर त्याच जागी पुढची रेघ पसरते. सबमिशनच्या आधीच्या रात्री कुणीच घरी जायचं नाही. पहाटे चारला स्टेशनकडच्या लारीवर चहा, अंगाला अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत जाणारा वास, आणि कुणीतरी हमखास सांगणार की आपल्याला आता आर्किटेक्ट व्हायचंच नाही, चहाची लारी टाकू. त्यातले दोघं आज नावाजलेले आर्किटेक्ट आहेत. लारी कुणीच टाकली नाही.

बडोद्यात आर्किटेक्चर शिकायचं म्हणजे वर्ग सुटला तरी शिकणं सुटत नाही. विद्यापीठ १९४९ चं, पण त्याच्या आधीपासून १८९० चं कलाभवन आहे, जिथे दादासाहेब फाळकेही शिकले. आर्ट्स फॅकल्टीचा घुमट रॉबर्ट चिझोल्म या इंग्रज आर्किटेक्टनं बांधला, हे आम्ही पहिल्या वर्षी रॅगिंगच्या भीतीनं पाठ केलं होतं. विजापूरच्या गोल घुमटावर डोळा ठेवून काढलेला तो घुमट. त्याच्या खाली उभं राहून टाळी वाजवायची आणि रखवालदार येण्याआधी पळायचं. लक्ष्मी विलास राजवाड्याची गोष्ट तर प्रत्येक बॅचचे सीनियर आपापल्या पद्धतीनं तिखटमीठ लावून सांगतात. मेजर चार्ल्स मँटनं आराखडा केला आणि मग त्याच्या मनानं घेतलं की आपलं गणित चुकलंय, राजवाडा कोसळणार, त्या ध्यासात तो गेला. १८८१ मध्ये तो वारला आणि चिझोल्मनं काम पुरं केलं, १८९० मध्ये राजवाडा उभा राहिला, इतकं खरं. गणिताचा भाग दंतकथेचा. पण सबमिशनच्या रात्री बेरीज जुळेना की आम्ही म्हणायचो, "मँट झाला रे माझा."

मला त्या दिवसांत जास्त गंमत वाटायची ती इमारतींच्या नोकऱ्या बदलण्याची. सूरसागरासमोरचं न्यायमंदिर मुळात भाजीबाजार म्हणून योजलेलं. उद्घाटन झालं १८९६ मध्ये आणि नंतर भाजीच्या जागी वकील बसले, ते थेट २०१८ पर्यंत. खंडेराव मार्केट बाजार म्हणून बांधलं, त्यात आज महापालिका बसते. चौथ्या सेमिस्टरला सर विचारायचे, अमुक इमारतीचं फंक्शन काय? आम्ही उत्तर द्यायचो. बडोद्यातली इमारत स्वतः मात्र तसं उत्तर कधी देत नाही. फर्टिलायझरनगरला, म्हणजे खतकारखान्याच्या वसाहतीत, आम्हाला मुद्दाम नेलं होतं, कारण ती साठच्या दशकात बाळकृष्ण दोशींनी आखली. तिथे मी वहीत काय काय टिपलं ते आता वाचता येत नाही, चहा सांडलाय. लक्षात आहे ते एवढंच, की परतताना बसमध्ये सर सांगत होते, दोशी पुण्यात वाढले, मोठ्या एकत्र कुटुंबात, फर्निचरचा घरचा धंदा होता. कुटुंबं वाढतात तशी घरं वाढतात, हे त्या माणसाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आणि तांबेकर वाडा. १८४९ ते १८५४ या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया. आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. तिथल्या लाकडाला आमच्या वाड्याच्या लाकडाचाच रंग आहे, जिने तसेच उभे, डोकं आपटावं असे. पण वास नाही. आमच्या वाड्यात पायरी चढताना क्रमानं वास यायचे, देवडीत ओल्या चपलांचा, ओसरीत निरांजनाच्या वातींचा, माजघरात फोडणीचा, कोठीत डिंक आणि मेथीचा, वर गेलं की तापलेल्या कौलांचा. तांबेकर वाड्यात माझं लक्ष चित्रांवरून सारखं खोल्यांकडे जायचं. या खोलीला घरातले काय म्हणत असतील? कुणी कुणाला 'अगं, वरच्या अमक्या खोलीतून घेऊन ये' असं म्हटलं असेल, त्यातली अमकी खोली कोणती?

कदाचित म्हणूनच आमच्या शीटवर मी नावं लिहिली. सरांची सूचना होती, लिव्हिंग, किचन, बेडरूम एक, बेडरूम दोन. मी लिहिलं : देवडी, ओसरी, चौक, माजघर, कोठी, बाळंतिणीची खोली, नानांची बैठक, बापूकाकांची खोली. सर बराच वेळ वाकून वाचत राहिले. मराठी त्यांना फार येत नव्हतं. मग म्हणाले, राहू दे, पण लेटरिंग सुधार.

बापूकाकांची खोली म्हणजे पुढच्या बाजूची, पहिल्या मजल्यावरची, रस्त्यावर गॅलरी असलेली. वाड्यातली सगळ्यात चांगली. बापूकाका इंटरला असताना तिथे अभ्यासाला बसायचे म्हणून तिचं ते नाव पडलं. मग ते नोकरीला लागून अहमदाबादेला गेले ते गेलेच. खोलीत पुढे एक भाडेकरू राहिला, मग उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं झोपायला लागलो, मग गवतात रचलेल्या आंब्यांच्या पेट्या यायला लागल्या आणि वर्षातले दोन महिने ती खोली वासानं पिकून जायची. नाव तेच राहिलं. घरातल्या खोलीच्या नावाला कुणी दस्तावेज मागत नाही.

दादा बापूकाकांचा मुलगा. गेल्या दिवाळीनंतर वाड्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा तो माझ्या शीटची मोठी, लॅमिनेट केलेली प्रिंट घेऊन आला. बिल्डर पैशांसोबत फ्लॅट देणार आहे, आणि ज्याच्याकडे पुढची बाजू त्याला पुढचा फ्लॅट, असा त्याचा हिशोब. त्यानं पेनाच्या टोकानं गॅलरीवाल्या खोलीवर टकटक केलं. "हे बघ. माझ्या बाबांची खोली. तूच लिहिलंयस." मी म्हटलं, दादा, ते नुसतं म्हणायचे आपण. तो म्हणाला, "म्हणायचे म्हणजेच होती ने?" त्यातलं ते गुजराती 'ने' मला ऐकूनही हसू आलं नाही. खरं तर दादा वाईट माणूस नाही. पूर आला तेव्हा माझ्या घरी पहिला तोच पोचला होता, अहमदाबादेहून पंप घेऊन.

आणि आत्या? शीटवर आत्याची खोली कुठेच नव्हती.

वाड्यात आज एकटी राहते ती आत्या. लग्न केलं नाही, मराठी शाळेत शिक्षिका होती, पेन्शनवर मजेत आहे. आम्ही घर मोजत होतो तेव्हा ती साडेपाचला शाळेतून यायची, ताणलेल्या टेपवरून साडी उचलून पलीकडे जायची आणि विचारायची, "चहा झाला का तुमचा?" तिचं राहणं एका खोलीत कधी नव्हतंच. उन्हाळ्यात ती चौकाकडच्या दारात झोपायची, थंडीत कोठीत, कारण कोठी उबदार. ट्रंक कोठीत, कपडे बाळंतिणीच्या खोलीतल्या दांडीवर, वह्या तपासायला ओसरीची खालची पायरी. जिन्याच्या वळणावर भिंतीत एक फडताळ आहे, त्यात तिची पुस्तकं. मेझर्ड ड्रॉइंगचा नियम असा, की भिंतीत बसवलेलं असेल तेच काढायचं, हलवता येतं ते सोडून द्यायचं. त्यामुळे सबंध शीटवर आत्याच्या वाटणीचं काय आलं असेल, तर जिन्याच्या वळणावर बोटाच्या पेराएवढा एक चौकोन. बाकी सगळी ती हलणारी होती.

कायद्यानं तिचं कुणी काही काढून घेऊ शकत नाही. १९५६ च्या वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांच्या मालमत्तेत वारस आहेच, आणि २००५ च्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क आला. दादाही तेच म्हणाला, "तिचा तिसरा हिस्सा आहेच, कोण नाही म्हणतंय? पैसे देऊ, नाहीतर मागचा फ्लॅट." पण कुणाला कुठला फ्लॅट याचा निकाल माझ्या शीटवरून लागत होता आणि शीट तर काटेकोर होती. लेझरनं तपासलेली. याचंच मला राहून राहून नवल वाटतं. पाच वर्षं आम्हाला शिकवलं ते अचूक मोजायला, अचूक काढायला. त्यातलं एकही माप चुकलेलं नाही. आजीनं धरलेल्या टेपच्या टोकाइतकं ते माप खरं आहे. तरीसुद्धा घर ज्यावर चालत होतं ती गोष्ट, म्हणजे कोण कधी कुठे सरकून कुणाला जागा करून देतो, ती त्यात नव्हती, आणि कागदावर नाही म्हटल्यावर वाटणीच्या वेळी तिचा विषयच निघेना. नावं तेवढी आली, आणि कागदावर आल्या आल्या ती हक्क सांगायला लागली. घरात बोलली जायची तोवर बिचारी गरीब होती.

या शहरात दुसरी एक गोष्ट आहे, आत्याच्या गोष्टीशी तिची बरोबरी नाही, पण मला ती टाळता येत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. अख्ख्या शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी जात लपवून वरच्या मजल्यावर मुक्काम केला, तिथूनही त्यांना लोकांनी दमदाटी करून बाहेर काढलं, आणि ते कामाठी बागेत जाऊन बसले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, त्या वरच्या मजल्यावर त्यांच्याशिवाय कुणीच राहत नव्हतं. तेव्हा राजवाडा उभा राहून २७ वर्षं झाली होती. त्या धर्मशाळेचा प्लॅन कुणी काढला तर त्यात रिकाम्या खोल्याच दिसतील. आम्ही कामाठी बागेत स्केचिंगला जायचो, म्युझियमच्या कमानी काढायला. झाडाखाली बसूनच काढायचो.

परवा बिल्डरचा नवा प्लॅन आला. मी तो आत्याकडे घेऊन गेले. तिनं चष्मा पुसला, कागद खिडकीकडे फिरवला आणि शाळेतल्या सवयीनं डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ वाचावी तसा वाचायला घेतला.

"हे काय?"

"टॉयलेट."

"आणि त्याच्या शेजारचं?"

"डक्ट. पाइपांची जागा."

"म्हणजे पाइपांना खोली आहे की," आत्या म्हणाली आणि पुढे वाचायला लागली.

मला वाटलं होतं ती वाडा जाऊ नये म्हणून रडेल, निदान कुरकुरेल. तसलं काही नाही. मागची भिंत पावसात गळते, जिना तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, तळमजल्यातले भाडेकरू मोटर बंद करायला विसरतात. सागवानाचं काय करणार, हे मात्र तिनं विचारलं. मी सांगितलं, जुन्या लाकडाला आता चांगला भाव आहे, खांब हॉटेलांत जातात, दारं कुणाच्या फार्महाउसला. "दिंडी दरवाजाचं फक्त कुणाला तरी कॉफीटेबल करू देऊ नका," ती म्हणाली. यावर माझं व्यावसायिक मत मी गिळलं. गेल्या वर्षी एका क्लायंटला मीच तसलं टेबल करून दिलंय, फार छान दिसतं.

मग तिनं माझी जुनी शीट मागितली. बघता बघता म्हणाली, याच्यावर एक पातळ कागद घाल, मी सांगते ते लिही. माझ्या बॅगेत बटर पेपरचा रोल असतोच. गॅलरीच्या खोलीवर तिनं बोट ठेवलं. "बापू दोन वर्षं. पुढे भाडेकरू, जोशी. मग आंबे. नंतर तुझी बाळंत झालेली आई, कारण बाळंतिणीच्या खोलीत ओल आली होती. मग मी, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. आजही मीच." असं प्रत्येक खोलीचं. नानांच्या बैठकीत नाना म्हणे फारसे बसतच नव्हते, तिथे वर्तमानपत्रांची रद्दी असायची, नाना कायम देवडीत. एका खोलीत चार-चार नावं झाली, जागा पुरेना, मी बाण काढून समासात लिहायला लागले. लेटरिंग फार वाईट आलं. सरांनी परत केलं असतं.

तो कागद दादाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला, आवाज थोडा खालचा. "आंब्याच्या पेट्या काय लिहितेस? हे कोर्टात चालणार नाही." फोन स्पीकरवर होता. आत्या पलीकडून चकली मोडत म्हणाली, "कोर्ट न्यायमंदिरात होतं तोवर गोष्ट वेगळी होती, चालत गेले असते. आता तिकडे नव्या जागी जायला रिक्षाचे पैसे कोण देणार? मला पुढचा फ्लॅट हवा, पहिल्या मजल्यावरचा, गॅलरीसकट, आणि त्याच्यावर माझं नाव. तू येत्या रविवारी त्या बिल्डरला इथेच घेऊन ये. येताना सेव-उसळ आण, आणि तर्री वेगळी बांधून घे रे, मागच्या वेळी सगळी सेव भिजवून आणलीस."